खलास या शब्दाबद्दल

बलद, जेद्दा
९ जानेवारी

साबिरा,

सलाम पोचावा. हे पत्र जमालुद्दीन चाचा घेऊन येतील. त्यांचा मक्केचा उमरा झाला, सोमवारी ते म्हसळ्याला परत निघतील. पाकीट तुझ्याच हातात द्या, तुझ्या अब्बांच्या नको, असं मी त्यांना सांगितलं आहे. एवढं काय आहे त्यात, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी फोटो म्हणालो. ते खोटं होऊ नये म्हणून आत एक फोटो घातला आहे. दुकानाच्या दारात मी आणि माझ्याबरोबर काम करणारे गफूरभाई. माझ्या हातात आहे ती कात्री नाही, चिमटा आहे.

आता मुद्द्यावर येतो. मी फोनवर "खलास" म्हणालो.

इथे हा शब्द सकाळपासून कानावर पडतो. दुकानातले पाव संपले की खलास, आणि पाव पिशवीत भरून हातात दिले तरी खलास. टॅक्सीवाला पैसे घेतो आणि खलास म्हणतो. काम पसंत पडलं की आमचा मालक मान हलवून खलास म्हणतो. म्हणजे ठीक आहे, ठरलं, आता यावर बोलायला नको. आपल्याकडे तो शब्द असा नाही. आपल्याकडे कोंबडी खलास होते, माणूस खलास होतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण तोंड इथलं झालं आहे.

तू म्हणालीस, मग मी हायस्कूलची नोकरी धरते आणि इथे माहेरीच राहते. त्यावर मी खलास म्हणालो. म्हणजे ठीक आहे, धर नोकरी. मागे मशीन चालू होतं, मालक हाक मारत होता, म्हणून फोन ठेवला. तुझा फोन स्पीकरवर आहे आणि अब्बा समोर बसले आहेत हे मला कुठून कळणार? संध्याकाळी तू फोन उचलला नाहीस तेव्हा मला वाटलं, लाइट गेली असेल.

तेव्हापासून तू उचललेला नाहीस. अब्बा एकदा बोलले. म्हणाले, नवऱ्याने बायकोला असं म्हटलं तर तो साधा शब्द राहत नाही, निकाह राहिला की नाही इथपर्यंत गोष्ट जाते, मौलानांना विचारावं लागेल. मी समजावायला लागलो तर म्हणाले, "फोनवर बोललास आणि फोनवरच बिघडवलंस. आता काय म्हणायचं होतं ते हाताने लिहून पाठव."

म्हणून लिहितो. मी, मुआज, अल्लाहला साक्षी ठेवून लिहितो की खलास म्हणजे मला फक्त ठीक आहे एवढंच म्हणायचं होतं. दुसरं काही मनात नव्हतं.

पत्र दोनदा तपासलं आहे. तू म्हणायचीस ना, नववी नापास पण वेलांटी पास. तेव्हा राग यायचा. आता तू तेवढं म्हणालीस तरी पुरे.

मुआज


बलद, जेद्दा
२६ जानेवारी

साबिरा,

सलाम. पत्र मिळालं हे अब्बांकडून कळलं. त्यांनी ते मौलानांना वाचून दाखवलं. शब्द दुहेरी आहे, अशा शब्दात बोलणाऱ्याची नियत पाहतात, नियत तलाकची नव्हती तर निकाह कायम आहे, असं मौलाना म्हणाले. मी फोनवरच शुक्र म्हणालो. अब्बांनी शुक्र म्हटलं नाही. मग म्हणाले, "निकाह आहे. पोरगी बोलत नाही. ते मौलानांच्या हातात नाही."

मी त्यांना विचारलं की ती रागावली आहे का. ते म्हणाले, रागावलेली बाई भांडी आपटते, ही तर शाळेत जाते, वह्या तपासते, जेवते, झोपते.

मला ते ऐकून जास्त भीती वाटली.

आज काय लिहावं ते कळत नव्हतं. पण इथे एक काम आलं आहे, ते तुझ्या विषयाचं आहे, म्हणून त्याबद्दल लिहितो. मी वाचलेला इतिहास आठवीच्या पुस्तकापुढे नाही. चूक झाली तर हस.

दुकानाजवळ एका जुन्या घरात प्रदर्शन लागणार आहे. भिंतींवर जी माहिती चिकटवतात तिची अक्षरं कापायचं काम आमच्याकडे आहे. प्लॉटर हे मशीन अक्षर कापतं, पण अक्षराभोवतालचं, ए आणि ओच्या पोटातलं फालतू व्हिनाइल, म्हणजे चिकट प्लास्टिक, हाताने काढावं लागतं. ते माझं काम. एकेक अक्षर चिमट्याखालून जातं. अर्थ कळत नाही पण स्पेलिंग पाठ होतं, मग जेवणाच्या सुट्टीत फोनमध्ये अर्थ पाहतो. असा मी तो माणूस वाचतो आहे.

तो जपानमधला सरदार होता, दोनशे वर्षांपूर्वीचा. त्याचं नाव मी इतक्यांदा सोललं आहे की डोळे मिटून लिहीन, पण इंग्रजीत. मराठीत ऱ्हस्व की दीर्घ ते कळत नाही, म्हणून चुकीचं लिहिण्यापेक्षा सरदारच म्हणतो. त्याला जुन्या वस्तूंचं वेड होतं. जुनी चित्रं, तलवारी, बासऱ्या, देवळातल्या घंटा, दगडावरचे लेख. त्याने चित्रकार गावोगाव पाठवले. पण वस्तू उचलून आणायची नाही. सरदार होता, कोण अडवणार होतं? तरी घंटा देवळातच राहायची आणि चित्र त्याच्याकडे यायचं. खाली लिहायचं, कुठल्या गावात आहे, केवढी आहे, तिच्यावर काय कोरलं आहे. दगडावर ओला कागद दाबून, वरून शाई थोपटून अक्षरांचे ठसे घ्यायचे. असे ढीगभर कागद. लढाया करण्याचं सोडून तो म्हातारपणी या कागदांत बसायचा.

आणि हे ऐक. तिथे नियम होता की सरदाराने एक वर्ष राजधानीत राहायचं आणि एक वर्ष आपल्या मुलखात. बायको मात्र कायम राजधानीत. तो एक वर्षाआड तिला सोडून जायचा. मी हे गफूरभाईंना वाचून दाखवलं. ते कालिकतचे, इथे माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत. म्हणाले, "म्हणजे त्यालाही एक्झिट रीएंट्री होती, जा आणि परत या असा शिक्का. छुट्टी संपली की यल्ला, चलो, वापस." मी हसलो. मग दिवसभर मला त्या बाईचा विचार येत होता. तिच्याबद्दल भिंतीवर एक ओळसुद्धा नाही.

तुझ्या वर्गात सध्या काय चालू आहे? एवढं तरी कळव.

मुआज


बलद, जेद्दा
१४ फेब्रुवारी

साबिरा,

सलाम. माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगतो. इथल्या कुणाला ती नीट समजली नाही, तुला समजेल.

त्या सरदाराच्या कागदांमध्ये एका घंटेचं चित्र आहे. घंटेवर कोरलेला लेख जपानी अक्षरांत मोठा करून भिंतीवर लावायचा होता. फाइल आली. त्यात मधेमधे रिकामे चौकोन होते. आता आमच्या धंद्यात चौकोन म्हणजे एकच. गिऱ्हाईकाच्या कॉम्प्युटरमधला फॉन्ट आमच्याकडे नसला की अक्षराच्या जागी मशीन चौकोन दाखवतं. मराठी, उर्दू, मल्याळम, सगळ्यांचे चौकोन सारखेच. मालक मक्क्याला गेला होता, प्रदर्शनाची मॅडम फोन उचलत नव्हती. मी फाइल पुन्हा उघडून पाहिली, चौकोन तिथेच. मला वाटलं, बिघडलेला भाग आहे. मी ते चौकोन काढले आणि ओळ बरी दिसावी म्हणून उरलेली अक्षरं जवळ सरकवली. फार सफाईने सरकवली. कुठे काही नव्हतं असं कुणालाही वाटलं नसतं.

भिंतीवर लावून झाल्यावर मॅडम आल्या. अरवा नाव आहे, इथल्याच आहेत, जपानला शिकून आल्या आहेत. त्या ओळीसमोर उभ्या राहिल्या आणि हातातल्या कागदाशी ताडून पाहू लागल्या. त्यांनी विचारलं, इथले चौकोन कुठे गेले? मी माझ्या इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, बॉक्स म्हणजे प्रॉब्लेम."

त्या हसल्या. म्हणाल्या, "बरोबर. म्हणून तर त्याने ठेवले."

मग त्यांनी अरबीत सांगितलं आणि गफूरभाईंनी मला हिंदीत. घंटा फार जुनी होती, काही अक्षरं झिजून गेली होती. सरदाराची माणसं जे वाचता येईल तेवढंच उतरवायची आणि न वाचता आलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक चौकोन काढायची. त्याच्या पदरी मोठे पंडित होते, अंदाजाने अक्षर भरणं त्यांना सोपं होतं. तो भरू द्यायचा नाही. इथे एक अक्षर होतं आणि ते मला माहीत नाही, हे पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. मी नेमकं तेच पुसलं होतं.

मालकाला कळल्यावर तो ओरडला, पण फार नाही. सगळी ओळ पुन्हा कापली. या वेळी चौकोन कापताना मी अक्षरांपेक्षा जास्त काळजी घेतली. गफूरभाई चिडवत होते, "रिकाम्या जागेला एवढं कोण सांभाळतं रे?"

आता लावलंय. लोक येतात, घंटेचं चित्र बघतात, फोटो काढतात. चौकोनांकडे कुणी बघत नाही.

मला आज इतकंच लिहायचं होतं. नाही, खरं म्हणजे अजून आहे, पण ते आज लिहिता येत नाही.

मुआज


बलद, जेद्दा
२४ फेब्रुवारी, रमजान

साबिरा,

सलाम. रमजान मुबारक. उमऱ्याला आलेल्या तुझ्या मावशीने हॉटेलवर बोलावून सुकटीची पिशवी दिली आणि तिच्यात खाली तुझी चिठ्ठी. मी हॉटेलच्या जिन्यातच उघडली.

"शब्दाचा अर्थ अब्बांनी सांगितला. तुमच्या मनात काय होतं ते तुम्ही लिहिलं नाही."

एवढंच. आणि एकही चूक नाही. तू नेहमी "आर्शिवाद" लिहायचीस, घाईत काने विसरायचीस, आणि मी साखरपुड्यानंतरच्या तुझ्या मेसेजमध्येसुद्धा चुका दाखवायचो. या वेळी तू मला दाखवायला काहीच ठेवलं नाहीस. तपासून लिहिलंस. परक्या माणसाला लिहिताना तपासतात तसं.

तू बरोबर ओळखलंस. पहिल्या पत्रात मी जे केलं तेच घंटेच्या ओळीचं केलं. जे वाचता येत नव्हतं ते काढून टाकलं आणि बाकीचे शब्द जवळ सरकवले.

आता जे वाचता येतं ते लिहितो. खलास म्हणताना मला तलाक द्यायचा नव्हता. हे खरं आहे आणि मी त्यावर परत शपथ घेईन. पण तू म्हसळ्यालाच राहते म्हणालीस तेव्हा मला हलकं वाटलं. फोन ठेवला आणि मी मोठा श्वास सोडला. गफूरभाई म्हणाले, काय रे, खुशखबर आहे का? तेव्हा मला कळलं की माझा चेहरा तसा दिसत होता.

का हलकं वाटलं, त्यातलं थोडं मला माहीत आहे. माझ्या इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, कामगार लिहिलं आहे म्हणून तुला आणता येत नाही, असं मी लग्नापासून सांगत आलो. कायमचं आणता येत नाही हे खरं. पण तीन महिन्यांच्या व्हिजिटवर बोलवता आलं असतं. गफूरभाईंनी भाभींना आणलं होतं. मी अर्जच केला नाही. तू आली असतीस तर आमची खोली पाहिली असतीस, तिचं काही एवढं नाही. पण तू दुकानात आली असतीस. तू बी.ए., इतिहासवाली. आणि मी खाली मान घालून, ज्या अक्षरांचा अर्थ मला कळत नाही ती अक्षरं सोलत बसलेला. तुला लग्नाच्या वेळी मी सांगितलं होतं की मी डिझाइनचं काम करतो.

तू येते येते म्हणायचीस आणि मी धास्तीने विषय बदलायचो. तू राहते म्हणालीस आणि ती धास्ती गेली. मग संध्याकाळी तू फोन उचलला नाहीस आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी आलं. त्याला काय म्हणायचं ते मला माहीत नाही. तिथे चौकोन आहे असं समज. तो मी काढत नाही.

जेवताना फोन समोर ठेवतो. पूर्वी तू घरच्या शिकवणीतल्या पोरांच्या गोष्टी सांगायचीस आणि मी अर्ध्या ऐकायचो. आता त्या अर्ध्या गोष्टी आठवतात आणि पुढे काय झालं ते कळत नाही. तो मुलगा, जो प्रत्येक उत्तरात अफझलखानाला आणायचा, तो पास झाला का?

हलकं वाटणं म्हणजे नियत होते का, मला ठाऊक नाही. मी इथे कुणाला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटली. हे लिहिल्यामुळे निकाहच उरला नाही असं निघालं, तर ते माझ्या हाताने झालं असं होईल. न लिहिलं तर निकाह राहील आणि तू बोलणार नाहीस. पत्र अब्बांना दाखवायचं की नाही ते तू ठरव.

मुआज


बलद, जेद्दा
१२ मार्च

साबिरा,

सलाम. काल आपण फोनवर बोललो तरी हे लिहितो आहे, कारण फोनवर मी अर्धा वेळ गप्पच होतो. तुझं नाव फोनवर दिसलं तेव्हा दुपारनंतरची, असरची नमाज झाली होती आणि मी दुकानाचं शटर वर करत होतो. ते अर्ध्यावरच सोडलं. मालक वाकून आत गेला, पण ओरडला नाही. रमजान आहे म्हणून असेल.

तू स्वतः मौलानांकडे गेलीस, त्यांना माझं पत्र वाचून दाखवलंस. मी इथे घाबरत बसलो होतो आणि तू सरळ जाऊन विचारून आलीस. वाटणं वेगळं आणि ठरवणं वेगळं, हे त्यांचं वाक्य मी लिहून ठेवलं आहे. पण त्यांच्या वाक्याने मला जेवढं बरं वाटलं त्यापेक्षा तुझ्या एका वाक्याने जास्त वाटलं, आणि त्याच वाक्याने वाईटही वाटलं.

तू म्हणालीस, "मलाही हलकं वाटलं होतं."

मला वाटलं, झालं, आता पुढचं ऐकावं लागणार. तू पुढे सांगितलंस. तीन वर्षं जो तो विचारतो, व्हिसा कधी? आईने आणलेली मोठी बॅग पलंगाखाली. नोकरी धरायची तर कशाला, जायचंय ना. मी खलास म्हणालो आणि तुला वाटलं, चला, आता वाट बघायला नको. म्हणून तू फोन उचलत नव्हतीस. रागाने नाही. मी विचारलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं म्हणून. अब्बांना हे कळलं नाही, मलाही कळलं नाही. रागावलेली बाई भांडी आपटते, हे ते बरोबर बोलले होते.

आणि मग ते फळ्याचं. तू फळ्यावर "पुर्नरचना" लिहिलंस, तुलाच खटकलं, आणि तू मागे वळून पाहिलंस. वर्गात सगळी पोरं. तू म्हणालीस, "तेव्हा वाटलं, आता मला कोण टोकणार?" मी हसलो तर तू म्हणालीस हसू नका, मी पोरांसमोर डोळे पुसले, त्यांना खडूची धूळ गेली म्हणून सांगितलं.

(तो शब्द पुनर्रचना असा आहे. र न च्या डोक्यावर नाही, दुसऱ्या र च्या डोक्यावर. राहवलं नाही.)

तू पुढे जे म्हणालीस त्याचं उत्तर मी काल दिलं नाही. "या. पण सुट्टीवर नको." मी विचारलं, तिथे करू काय? तू म्हणालीस, "अक्षरं कापा. म्हसळ्याच्या बाजारात एक पाटी धड नाही." ते तू चेष्टेत म्हणालीस की खरंच, ते मी विचारलं नाही. रात्र गेली तरी ठरवता येत नव्हतं. गफूरभाई म्हणाले, पागल आहेस, इथे एकदा फायनल एक्झिट मारली की परत यायला नवा व्हिसा, व्हिसा देणारा नवा मालक म्हणजे कफील, सगळं पहिल्यापासून. तिकडे पाट्या लावून किती मिळणार? त्यांचं खरं आहे. मी त्यांना म्हणालो, भाई, तुम्ही भाभींना तीन महिने आणलंत, मग? ते चिमटा खाली ठेवून म्हणाले, "मग ती गेली आणि मला घरात तिने काय कुठे ठेवलंय ते सापडेना. अजून सापडत नाही." एवढं बोलून परत कामाला लागले.

आज दुपारी मालकाकडे गेलो. त्याला वाटलं सुट्टी मागतोय, म्हणाला ईदनंतर जा, एक्झिट रीएंट्री काढून देतो. मी म्हणालो, रीएंट्री नको. त्याने परत विचारलं. मी परत सांगितलं, माझ्या अरबीत, आणि मग ते चुकू नये म्हणून कागदावर लिहून दिलं. त्याने कागद पाहिला, खिशात ठेवला आणि चांगलं काम करतोस रे म्हणाला. ईदनंतर महिन्याभरात कागद होतील.

आता मला दुसरीच भीती वाटते, ती तुला आताच सांगतो. लग्नानंतर आपण सलग किती राहिलो? एका सुट्टीचे दिवस, मग दुसऱ्या सुट्टीचे. तेवढ्यात मी पाहुणा होतो. सगळं माझ्या आवडीचं शिजायचं. तुला काय आवडतं ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. तू चहात साखर किती घेतेस ते मला सांगता येणार नाही. पंखा तुला लागतो की नाही, माहीत नाही. वह्या तपासताना कुणी बोललेलं तुला चालतं का, माहीत नाही. वर्गाबाहेर तुझा आवाज कसा असतो ते माहीत आहे, वर्गात कसा असतो ते माहीत नाही. हे सगळं मला तिथे येऊन शिकायचं आहे आणि मी शाळेत फार बरा नव्हतो. घाई करू नकोस.

अब्बांना सांग की मी श्रीवर्धनला आमच्या घरी नंतर जाईन, आधी म्हसळ्याला येईन. पण तुमच्या घरी थेट येऊन ओसरीवर बसायचं आणि सगळ्यांनी चहा देत माझ्याकडे बघायचं, ते मला जमणार नाही. त्यापेक्षा तुझी शाळा किती वाजता सुटते ते कळव. मी फाटकाबाहेर उभा राहीन, तुला चालणार असेल तर. पोरं हसतील. तू त्यांना मी कोण म्हणून सांगशील ते आधी ठरवून ठेव.

तुझा,
मुआज